फॅटी लिव्हरसाठी आहारशिक्षण : इंदूरच्या एका सल्लाकेंद्राचे परीक्षण

इंदूरच्या पलासिया भागातील एका आहार-सल्लाकेंद्रात फॅटी लिव्हरच्या रुग्णांसाठी तीन महिन्यांचा कार्यक्रम चालवला जातो. माझ्या यजमानांच्या सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीचे फॅटी लिव्हर निघाल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांना भेटण्याचा सल्ला दिला, आणि घरचा स्वयंपाक माझ्याकडे असल्यामुळे त्यांच्याबरोबर मीही तेथील वर्गांना बसले. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे समोरची व्यक्ती काय शिकवते आहे याइतकेच ती कसे शिकवते आहे याकडेही माझे लक्ष जाते. पुढे काही तक्रारी येणार असल्याने केंद्राचे नाव देत नाही; परंतु अशा प्रकारची पॅकेजे आता शहरात अनेक ठिकाणी मिळतात आणि ती निवडताना काय पाहावे, हे या अनुभवावरून कळू शकेल. माझे मत आधीच सांगते. या कार्यक्रमातील शिक्षण पैसे देऊन घेण्याच्या योग्यतेचे आहे. मात्र ज्या छापील तक्त्यासाठी बहुतेक लोक तेथे जातात, त्या तक्त्याचे मोल फारसे नाही.

शुल्क तीन महिन्यांचे एकदम घेतात आणि ते एखाद्या नामांकित तज्ज्ञ डॉक्टरांच्या चार-पाच भेटींइतके होते. त्यात दर आठवड्याला एक सामूहिक वर्ग, महिन्यातून एकदा व्यक्तिगत भेट, आहाराचा तक्ता आणि फोनवरून शंका विचारण्याची सोय येते. जागा स्वच्छ आहे, वेळ पाळली जाते, वाहन लावायला मात्र जागा मिळत नाही.

पहिला वर्ग आजाराविषयीचा होता आणि तो मला सर्वांत आवडला. वर्ग घेणाऱ्या आहारतज्ज्ञ तरुण आहेत, मध्यमवयीन बायकांना त्या ‘काकू’ म्हणतात आणि प्रश्न विचारला की घाईने उत्तर न देता आधी तो सर्वांना ऐकू जाईल असा पुन्हा सांगतात. यकृताच्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, येथून त्यांनी सुरुवात केली. पूर्वी या आजाराची ओळख ‘मद्य न पिणाऱ्यांचे फॅटी लिव्हर’ अशी, म्हणजे तो कशामुळे झालेला नाही यावरून, करून दिली जात असे. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ते नाव बदलले आणि चयापचयातील बिघाडाशी असलेला संबंध नावातच आणला, हेही त्यांनी सांगितले. ही माहिती रुग्णाला कशाला हवी, असे प्रथम वाटले होते. परंतु पोटाचा घेर, रक्तातील साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, आणि यकृतातील चरबी ही एकाच कुटुंबातील मंडळी आहेत हे त्या नावाच्या निमित्ताने वर्गाला समजले आणि ‘मी तर दारूला स्पर्शही करत नाही, मग मला हे कसे झाले’ हा प्रत्येकाच्या मनातील प्रश्न आपोआप सुटला.

दुसरा सार्वत्रिक समज असा की यकृतात साठणारी चरबी म्हणजे आपण खाल्लेले तूप आणि तेलच. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊच रुग्णांवरील पण पुढे फार उद्धृत झालेल्या एका अभ्यासात यकृतातील चरबीचा माग काढला गेला होता. सुमारे ५९ टक्के चरबी शरीराच्या मेदसाठ्यातून रक्तात आलेल्या मेदाम्लांतून, २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून घडवलेली आणि केवळ १५ टक्के थेट अन्नातील स्निग्ध पदार्थांतून आली होती. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले गेले तेव्हा तूप पूर्ण सोडून दिवसाला पाच-सहा कप गोड चहा पिणारे एक गृहस्थ बराच वेळ फळ्याकडे पाहत होते. साखरेचा अर्धा भाग असलेले फ्रुक्टोज मुख्यतः यकृतातच हाताळले जाते आणि तेथे त्यापासून चरबी घडणे सोपे असते. म्हणून गोड पेये, सरबते आणि डब्यातील फळांचे रस यांचा विचार तेलाच्या बरोबरीने करावा लागतो. अख्खे फळ खायला हरकत नसते, कारण त्यातील तंतुमय भागामुळे साखर सावकाश मिळते आणि मुळात चार संत्री सोलून खाणारा मनुष्य विरळा असतो, चार संत्र्यांचा रस मात्र दोन घोटांत संपतो.

वजनाविषयी त्यांनी दिलेले लक्ष्य नेमके होते. एकूण वजनाच्या सुमारे पाच टक्के घट झाली तर यकृतातील चरबी कमी होऊ लागते, सात ते दहा टक्क्यांनी सूज कमी होते आणि दहा टक्के किंवा अधिक घट झाली तर यकृतात तयार होऊ लागलेले व्रणासारखे तंतू, म्हणजे फायब्रोसिस, मागे हटण्याची शक्यता निर्माण होते. ऐंशी किलोच्या माणसासाठी हे आकडे अनुक्रमे चार, साडेपाच ते आठ आणि आठच्या पुढे असे होतात. यामागे क्यूबात झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला २९३ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास आहे : दहा टक्के वा अधिक वजन उतरवलेल्यांपैकी ९० टक्क्यांमध्ये यकृताची सूज नाहीशी झाली होती आणि ४५ टक्क्यांमध्ये फायब्रोसिस कमी झाला होता. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही वर्गात सांगितली गेली, आणि त्याबद्दल मला केंद्राचे कौतुक वाटते. दहा टक्क्यांपर्यंत पोहोचलेले रुग्ण दहांत एकच होते. ‘पंधरा दिवसांत लिव्हर नॉर्मल’ अशा जाहिराती भिंतींवर दिसणाऱ्या शहरात हे आकडे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला धैर्य लागते. फार वेगाने वजन उतरवल्यास यकृताची सूज उलट वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो, म्हणून आठवड्याला अर्धा ते एक किलो ही गती पुरेशी मानावी, हेही तेव्हाच स्पष्ट केले गेले. आपल्या लोकांत वजनाचा काटा सामान्य दिसत असूनही हा आजार होऊ शकतो. त्यामुळे भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, २३ पासूनच जास्त मानतात आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यापुढे गेला की सावध होतात. माझ्या शेजारी बसलेल्या सडपातळ बाईंना अहवालाविषयी जी शंका होती ती येथे फिटली. अशा सडपातळ रुग्णांना तीन ते पाच टक्के घटही उपयोगी पडते.

स्वयंपाकघराविषयीचा वर्ग हा या कार्यक्रमाचा गाभा आहे. त्या दिवशी टेबलावर शेवेचे मोठे भांडे आणि स्वयंपाकाचा वजनकाटा ठेवलेला होता. प्रत्येकाने जेवताना घेतो तेवढी शेव ताटलीत घ्यायची आणि तिचे वजन करायचे, एवढाच पाठ. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे की इंदुरात शेव हा केवळ फराळाचा पदार्थ नाही; ती पोह्यांवर पडते, वरणभाताबरोबर येते, भाजी कमी पडली तर तिचीच भाजी होते आणि पाहुणे आले की सर्वांत आधी तीच पुढे केली जाते. बहुतेकांची ‘चिमूटभर’ शेव तीस ग्रॅमच्या पुढे भरली. नंतर पाकिटामागील तक्ता वाचून दाखवला गेला, त्यात शंभर ग्रॅम शेवेत तीस ग्रॅमहून जास्त स्निग्धांश होता. म्हणजे फोडणीत एक चमचा तेल वाचवून आपण जे मिळवतो, ते जेवताना घेतलेल्या दोन मुठींत दुपटीहून अधिक घालवतो. शेव सोडा असे त्या म्हणाल्या नाहीत. ती डब्यातून ताटात न घेता छोट्या वाटीत मोजून घ्या आणि डबा जेवणाच्या टेबलावरून उचलून कपाटात ठेवा, इतकेच सांगितले. आमच्या घरी ही एक गोष्ट टिकली आहे.

पोह्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मला फार पटले, कारण शहरातील पुष्कळ डॉक्टर पोहे बंद करा असे सरसकट सांगून मोकळे होतात. इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, त्यांत तेल तसे बेताचेच असते. बिघडते ते वरची शेव, सोबतची जिलेबी आणि पोह्यांत प्रथिनांचा अभाव यांमुळे. घरी करताना त्यांत मटार, मोड आलेले मूग किंवा भाजलेले शेंगदाणे घालावेत, पोह्यांचे प्रमाण निम्म्यावर आणावे आणि बरोबर एक वाटी दही घ्यावे, हा त्यांनी सुचवलेला बदल करायला कोणालाही जड जात नाही. जीरावन मसाल्यात मीठ बरेच असते, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी तो चवीपुरताच घ्यावा. सराफ्याविषयी, म्हणजे रात्री भरणाऱ्या खाऊबाजाराविषयी, मात्र त्या थोड्या जास्तच कडक होत्या. हिवाळ्यात गराडू नावाचा कंद तळला जात असताना तेथून नुसते फिरून यावे, अशी अपेक्षा करणे मला व्यवहार्य वाटले नाही. भुट्ट्याच्या किसाची एक प्लेट दोघांनी वाटून खाण्याची परवानगी तरी त्यांनी द्यायला हवी होती.

तेलाचा हिशेब महिन्यावर मांडण्याची पद्धतही शिकण्यासारखी आहे. ताटातील तेल मोजणे कोणालाच जमत नाही, पण घरात येणारा डबा मोजता येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारमार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी जे नमुन्याचे ताट दिले आहे, त्यात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम सुकामेवा व तेलबिया आणि सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप येते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोजचे सुमारे अडतीस ग्रॅम होतात, आणि यात बाहेरून आणलेली शेव, कचोरी, मिठाई धरलेली नाही. मार्गदर्शिकेच्या प्रमाणात राहायचे तर त्याच घराला साडेतीन लिटर पुरायला हवे. हे गणित गृहिणीला एका दृष्टिक्षेपात समजते, कारण वाण्याच्या यादीत ते दर महिन्याला तिच्या डोळ्यांसमोर असते.

या ताटाकडे नीट पाहिले तर मराठी घरांची अडचण तेलाहून वेगळीच आहे, असे माझे निरीक्षण आहे आणि वर्गात ते मी बोलूनही दाखवले. आपल्या जेवणात भात आणि पोळी भरपूर, वरण पातळ, भाजी एक डाव आणि कोशिंबीर चटणीसारखी चमचाभर. चारशे ग्रॅम भाज्या म्हणजे दोन्ही वेळच्या ताटांचा जवळजवळ अर्धा भाग व्यापेल इतका ऐवज आहे. आहारतज्ज्ञांनी हा मुद्दा उचलून धरला आणि पुढच्या आठवड्यात वरणाऐवजी घट्ट आमटी, आठवड्यातून तीन-चार वेळा मटकी, मूग किंवा चवळीची उसळ, रात्रीच्या भाताच्या जागी ज्वारीची भाकरी व पिठले, आणि जेवणाला बसताना आधी कोशिंबीर संपवणे असे बदल वर्गातील मराठी कुटुंबांसाठी सुचवले. माळव्याच्या दाल-बाफल्याची गोष्ट निराळी आहे. बाफला म्हणजे कणकेचा गोळा उकडून मग भाजतात, तेथपर्यंत सारे ठीक. पुढे तो तुपात बुडवला जातो, आणि तो टप्पा वगळून चमचाभर तूप वरून घालण्याची कल्पना वर्गातील माळवी मंडळींनी हसण्यावारी नेली.

वेष्टन वाचण्याचा वर्ग छोटा होता पण उपयोगाचा. एकूण साखर आणि वरून घातलेली साखर यांत फरक करणे, घटकांच्या यादीत जो पदार्थ सर्वांत आधी येतो तोच सर्वांत जास्त असतो हे ओळखणे, आणि ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या बिस्किटांत पहिला घटक बहुधा मैदाच असतो हे पाहणे, एवढे त्यांनी प्रत्यक्ष पाकिटे हातात देऊन करून घेतले. जानेवारी २०२२ पासून तेले व वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. मात्र तेच तेल पुन्हापुन्हा तापवून तळणाऱ्या सुट्या फरसाणाला पाकीटही नसते आणि त्यावर काही छापलेलेही नसते, हा माझा मुद्दा त्यांनी मान्य केला. काळी, बिनसाखरेची कॉफी यकृताला हितकारक असल्याचे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसले आहे, हे ऐकून माझे यजमान प्रसन्न झाले. बिनसाखरेची हा शब्द त्यांना नंतर ऐकू आला.

आता तक्त्याविषयी. इतके चांगले शिकवणाऱ्या केंद्राने हातात ठेवलेला तक्ता दुसऱ्याच कोणी केलेला असावा असे वाटते. त्यात सकाळी चिया बियांचे पाणी, दुपारी किनोआ, संध्याकाळी बदामाचे दूध आणि रात्री सूप होते, तोही इंग्रजीत. किनोआत वाईट काही नाही. पण जे काम ज्वारी, राजगिरा आणि मूग करतात त्यासाठी तिप्पट पैसे कशाला मोजायचे याचे उत्तर मला मिळाले नाही. वर्गात ज्या उसळी-भाकरीची चर्चा झाली तिचा तक्त्यात मागमूस नव्हता. शेजारच्या सिंधी कुटुंबाला आणि समोरच्या जैन गृहस्थांना मिळालेला कागद आमच्यासारखाच होता, फक्त त्यांच्या तक्त्यातून कांदा-लसूण काढलेला होता. व्यक्तिगत भेटीत मी याबद्दल विचारले तेव्हा आहारतज्ज्ञांनी पेनाने खाडाखोड करून चार ओळी बदलून दिल्या, आणि त्या चार ओळी मूळ तक्त्यापेक्षा चांगल्या होत्या.

उपवासाच्या बाबतीत तर तक्ता पूर्णपणे मुका आहे. आमच्या घरी चतुर्थी, एकादशी आणि नवरात्र पाळले जाते, शहरातील बहुतेक मराठी घरांत थोड्याफार फरकाने हेच असते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने शंभर ग्रॅममागे एक ग्रॅमही नसतात, आणि खिचडी करताना त्यावर तूप, बटाटा, साखर अशी भर पडते. यावर ‘त्या दिवशी चार्ट सोडून द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा’ एवढेच उत्तर मिळाले. रुग्णाला वर्षभरात पुष्कळ दिवस असे सोडून द्यावे लागणार असतील तर त्या दिवसांचा विचार तक्त्यात आधी यायला हवा. शेंगदाण्याच्या आमटीबरोबर मोरधन, म्हणजे आपली भगर, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, दही आणि उकडलेले रताळे यांतून उपवासाचे उत्तम ताट होते. राजगिऱ्यात शंभर ग्रॅममागे तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात. हे सर्व मी लिहून दिल्यावर आहारतज्ज्ञांनी ते पुढच्या वर्गात वाचून दाखवले, तेव्हा श्रेय न देता ते वापरल्याची माझी काहीही तक्रार नाही. गणपतीच्या दिवसांत मोदक तळणीचे न करता उकडीचे करावेत आणि माणशी दोन ठेवावेत, यापलीकडे काही सांगता येण्यासारखे नाही हे मात्र मी त्यांना मान्य करते.

सर्वांत मोठा आक्षेप स्वागतकक्षातील कपाटाबद्दल आहे. त्यात ‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्या, प्रथिनांच्या भुकट्या आणि हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या विकायला ठेवल्या आहेत, आणि बाहेर पडताना स्वागतिका त्यांची आठवण करून देतात. वर्गात आहारतज्ज्ञ यांचे नावही काढत नाहीत, किंबहुना विचारल्यावर ‘यांची गरज नाही’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले; पण त्याच छताखाली दुसऱ्या टेबलावर वेगळे बोलले जाते. यकृताच्या रुग्णाच्या बाबतीत हा निव्वळ पैशाचा प्रश्न राहत नाही. हिरव्या चहाचे तीव्र अर्क यकृताला इजा करू शकतात हे ठाऊक आहे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, आणि तो वाद बाजूला ठेवला तरी ज्याचे एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा दाखवणारे रक्तातील विकर, आधीच वाढलेले आहे त्याने कोणताही काढा, अर्क वा भुकटी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये एवढे निश्चित. खरी औषधेही हळूहळू येत आहेत, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोमला मान्यता मिळाली, परंतु तेही आहार आणि व्यायाम यांच्या जोडीनेच द्यायचे आहे. कपाटातील बाटलीला असली कोणतीही अट नसते, यावरूनच तिची पारख व्हावी.

प्रगती मोजण्याच्या पद्धतीतही उणीव आहे. केंद्रात दर भेटीला वजन घेतात आणि हाता-पायांना यंत्र लावून शरीरातील चरबीची टक्केवारी काढतात. यकृताची परिस्थिती त्यातून कळत नाही. वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखेच दुसरे विकर), एसजीपीटी आणि प्लेटलेटची संख्या या चार आकड्यांवरून ‘फिब-४’ नावाचा निर्देशांक काढता येतो : वयाला एसजीओटीने गुणायचे आणि त्याला प्लेटलेट हजारांत धरून त्यांच्या व एसजीपीटीच्या वर्गमुळाच्या गुणाकाराने भागायचे. उदाहरणार्थ वय ५४, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६० आणि प्लेटलेट दोन लाख असतील तर उत्तर सुमारे १.६७ येते. १.३ च्या खाली धोका कमी मानतात, २.६७ च्या वर जास्त, आणि मधल्या पट्ट्यात आले की फायब्रोस्कॅनसारख्या तपासणीने यकृताचा कडकपणा पाहतात. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. सोनोग्राफीतील श्रेणी फक्त चरबी सांगते, फायब्रोसिस सांगत नाही, आणि एसजीपीटी सामान्य असतानाही आजार असू शकतो. ज्या साध्या रक्ततपासण्या बहुतेक रुग्णांच्या हातात आधीच असतात, त्यांवरून दोन मिनिटांत होणारे हे गणित केंद्राने प्रत्येकाच्या पहिल्या नोंदीत करायला हवे, आणि उत्तर मध्यम किंवा जास्त आले तर आहाराच्या वर्गात बसवण्याआधी डॉक्टरांकडे परत पाठवायला हवे. आम्हाला ते आमच्या डॉक्टरांनी करून दिले.

मद्याविषयीचा प्रश्न सामूहिक वर्गात, पत्नी शेजारी बसलेली असताना विचारला गेला आणि सर्वांनी ‘नाही’ म्हटले. या आजाराच्या व्याख्येत मद्याची मर्यादा पुरुषांसाठी दिवसाला तीस ग्रॅम आणि स्त्रियांसाठी वीस ग्रॅम अल्कोहोल अशी धरलेली आहे, त्यापुढे निदान आणि सल्ला दोन्ही बदलतात. हा प्रश्न व्यक्तिगत भेटीत, दार लावून विचारला पाहिजे.

व्यायामाबद्दल एकच वर्ग झाला. आठवड्याला दीडशे मिनिटे जोरात चालणे, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि वजन फारसे न उतरताही व्यायामाने यकृतातील चरबी कमी होते, हे त्यात आले. मेघदूत उपवनात किंवा रीजनल पार्कात चालायला जाणाऱ्यांनी बाहेर पडताना फाटकाजवळचा नाश्ता टाळावा, ही टीप चालण्याइतकीच महत्त्वाची होती.

ज्यांना हे शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी मार्ग आहे, आणि केंद्रात त्याचा उल्लेखही होत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या सुधारित मार्गदर्शक सूचना आणि कर्मचाऱ्यांसाठीचे प्रशिक्षणसाहित्य प्रसिद्ध झाले, आणि मध्य प्रदेशात २०२५ च्या निरोगी काया अभियानात रक्तदाब व मधुमेहाबरोबर फॅटी लिव्हरचीही चाचपणी झाली. वस्तीतील आयुष्मान आरोग्य मंदिरात कंबरेचा घेर, वजन, रक्तदाब आणि साखर तपासून पुढे पाठवण्याची व्यवस्था त्यात आहे. तेथे शेवेचे वजन करून दाखवण्याइतका वेळ कोणाकडे असेल असे वाटत नाही, पण सुरुवातीची तपासणी तेथून करून घेऊन फक्त शिकण्यापुरते पैसे खासगी केंद्रात भरणे शक्य असेल तर तो सर्वांत शहाणपणाचा हिशेब ठरेल.

दुर्दैवाने हे केंद्र वर्गांचे वेगळे शुल्क घेत नाही; पॅकेज घ्यायचे तर पूर्णच घ्यावे लागते. तरीही, नुकतेच निदान झालेल्या आणि घरी शिजवलेले अन्नच मुख्यतः खाणाऱ्या कुटुंबाला मी ते सुचवेन. ज्यांचे फायब्रोसिस पुढे गेले आहे, ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी रुग्णालयातील आहारतज्ज्ञांकडेच जावे, कारण त्यांच्या प्रथिनांचा व मिठाचा हिशेब वेगळा असतो आणि तो सामूहिक वर्गात बसत नाही. नाव नोंदवण्याआधी फोनवर विचारून घ्यावे की तक्ता तुमच्या घरच्या जेवणावरून केला जाईल का, उपवासाचे दिवस त्यात धरले जातील का आणि रक्ताचे अहवाल कोण पाहील. स्वयंपाक रुग्ण स्वतः करत नसेल तर जो करतो त्याला, मग ती सून असो वा स्वयंपाकाच्या बाई, शेवेच्या वर्गाला बरोबर न्यावे. सोबत येणाऱ्या एका व्यक्तीचे वेगळे पैसे पडत नाहीत, मात्र ही गोष्ट विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.